कोलेस्टेरॉलमुक्त तेल आणि धमन्यांचे आरोग्य

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५२ असून नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १६२ आले आहे. डॉक्टरांनी खोबरेल कमी करण्यास सांगितले. आमच्याकडे मालवणहून घाण्याचे तेल येते आणि वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसते असे वाचले आहे. मग ते का टाळावे? मासेही बंद करावेत काय?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने ते तेल धमन्यांना मानवेल की नाही हे मुळीच कळत नाही. रक्तातील एलडीएल प्रामुख्याने यकृत काढून घेते. आहारात संपृक्त मेदाम्ले (तूप, लोणी, खोबरेल यांत जास्त असणारे मेदाचे घटक) वाढली की यकृताच्या पेशींवरील एलडीएल टिपून घेणारी प्रथिने (रिसेप्टर) मंदावतात, एलडीएलचे कण रक्तात अधिक काळ फिरत राहतात आणि त्यांतील काही धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून अडकतात. त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मेदाने फुगतात आणि तेथे वर्षानुवर्षे थर साचत जातो. हा थर फुटून त्यावर गुठळी झाली, तर हृदयविकाराचा झटका येतो.

खोबरेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीने संपृक्त मेद साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघते. खोबरेलाचे दोन मोठे चमचे ही मर्यादा गाठतात, आणि वाटणातला नारळ, दूध, तूप यांचा हिशेब तर अजून व्हायचाच असतो. खोबरेलाने एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉलही वाढते, हे खरे आहे. परंतु स्टॅटिन या एलडीएल कमी करणाऱ्या गोळीच्या जोडीला नायसिन हे औषध देऊन एचडीएल वाढवल्याने झटके कमी झाले नाहीत, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. म्हणून त्या वाढीवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेल घाण्याचे असले तरी त्यातील मेदाम्ले बदलत नाहीत.

रोजच्या फोडणीसाठी शेंगदाणा, मोहरी किंवा करडईचे तेल मोजून वापरावे. मात्र खोबरेलाच्या जागी मैदा आणि साखर वाढली, तर धमन्यांना काहीच लाभ होत नाही. बेकरीची खारी आणि नानकटाई यांबाबत मी अधिक कठोर आहे, कारण वनस्पती तुपातील, तेल घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवतात आणि एचडीएल घटवतात. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदावर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी या पदार्थांतला संपृक्त मेद उरतोच.

मासे मुळीच बंद करू नयेत. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. फक्त ते तळण्याऐवजी तिखल्यात किंवा कमी तेलावर भाजून घ्यावेत. शाकाहाराच्या दिवशी जवसाची चटणी जरूर असावी, परंतु जवसातील ओमेगा-३ चे माशांतल्या प्रकारात रूपांतर शरीर थोडेच करते.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. औषधाचा निर्णय रक्तदाब, साखर आणि तंबाखूचे व्यसन पाहून डॉक्टर घेतील. त्यांनी गोळी सुचवल्यास आहार बदलला म्हणून ती नाकारू नये.