कराकुरी निंग्यो : कळसूत्री की चावीची बाहुली?

मुलांच्या मासिकासाठी जपानी बाहुल्यांवर लेख लिहिणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "'कराकुरी निंग्यो'ला मराठीत 'कळसूत्री बाहुली' म्हटलं तर चालेल का? संपादक म्हणतात, कळसूत्री म्हणजे दोऱ्यांनी नाचवायची. माझ्या लेखातली बाहुली तर एकटीच चहाचा पेला घेऊन पाहुण्यापर्यंत जाते."

ताई, संपादकांचं बरोबर आहे. पण 'कळसूत्री' शब्द टाकून देऊ नका, लेखात त्याला हक्काची जागा आहे.

'निंग्यो' म्हणजे बाहुली, शब्दशः 'माणसाचा आकार'. त्यामुळे 'कराकुरी निंग्यो बाहुली' असं लिहू नये, 'कराकुरी बाहुली' पुरे. 'कराकुरी' म्हणजे आत दडवलेली यंत्ररचना, युक्ती. हा शब्द दोरी ओढून हलवणे या अर्थाच्या 'कराकुरु' या क्रियापदापासून आला, असं मानतात. म्हणजे जपानी शब्दातही आधी सूत्र (दोरी) आहे आणि कळ (यंत्र) मागून आली. आपल्या 'कळसूत्री'त दोन्ही शेजारी बसले आहेत, म्हणून हा शब्द इतका जवळचा वाटतो.

या बाहुल्या मुख्यतः तीन ठिकाणी दिसत : रंगमंचावर, उत्सवाच्या रथावर आणि घरातल्या बैठकीत. ओसाकाला ताकेदा ओमी यांनी 1662 मध्ये यांत्रिक बाहुल्यांचं नाट्यगृहच काढलं होतं. रथावरच्या बाहुल्या अजूनही पाहायला मिळतात. जपानमधल्या ताकायामा शहराच्या शरद उत्सवात (9 आणि 10 ऑक्टोबर) होतेई या देवतेचा रथ असतो. दोन पोरांच्या बाहुल्या एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर उड्या घेत शेवटी होतेईच्या अंगाखांद्यावर येऊन बसतात. हा खेळ रथात लपलेली नऊ माणसं छत्तीस दोऱ्यांनी करतात. इथे 'कळसूत्री' डोळे मिटून लिहा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची ठाकर मंडळी ज्या बाहुल्या नाचवतात त्यांना आपण कळसूत्रीच म्हणतो. रचना आणि गोष्टी वेगळ्या, पण दोरी माणसाच्या हातात, हे दोन्हीकडे सारखं.

चहा आणणाऱ्या बाहुलीचं प्रकरण निराळं आहे, आणि मला स्वतःला तीच सर्वांत प्रिय. तिच्या हातातल्या तबकात पेला ठेवला की वजनाने हात किंचित खाली येतात, आतली खिटी सुटते आणि चाकं फिरू लागतात. किमोनोखाली पावलं पुढेमागे होतात खरी, पण ती दाखवण्यापुरती, चालणं सगळं चाकांवर. पाहुण्याने पेला उचलला की हात वर जातात आणि बाहुली थांबते. रिकामा पेला परत ठेवला की वळून यजमानाकडे निघते. ती भरधाव सुटू नये म्हणून घड्याळात असतो तसा वेग आवरणारा भाग आत असतो. बाहुलीला चालवते ती चावी देऊन गुंडाळलेली स्प्रिंग, आणि तीसुद्धा पूर्वी धातूची नसे. काही जातींच्या देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी लवचीक पट्ट्या असतात, त्या पट्टीची स्प्रिंग करत. होसोकावा हान्झो यांच्या 1796 सालच्या 'कराकुरी झुई' या ग्रंथात घड्याळांबरोबर या बाहुलीचीही रचना आकृत्यांसह दिली आहे. त्यामुळे आजचा कारागीरही ती नव्याने घडवू शकतो.

आता 'कळसूत्री बाहुली' म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात काय येतं? दुसऱ्याच्या तालावर नाचणारा माणूस. वर्तमानपत्रांनी हा लाक्षणिक अर्थ इतका वापरला आहे की मूळ खेळ मागे पडला. आणि या बाहुलीची सारी गंमत हीच की तिला कोणी नाचवत नाही! म्हणून तिला मी 'चावीची बाहुली' म्हणेन. चावी दिली की चालणारं खेळणं प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. 'कळीची बाहुली' व्याकरणाने शुद्ध आहे, पण वाचताना फुलाची कळी आठवते, नाहीतर कळीचा नारद. 'यांत्रिक बाहुली' चूक नाही, पण त्याने डोळ्यांपुढे पत्रा येतो. इथे तर बहुतेक सगळं काम लाकडाचं. आतल्या दातेरी चाकांचे दाते लाकडाच्या रेषेला आडवे पडले तर तुटतात, म्हणून कारागीर लहान तुकडे असे जोडतात की रेषा मध्यापासून प्रत्येक दात्याकडे धावते. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'लाकडी' हे विशेषण जरूर घाला.

'रोबो' किंवा 'यंत्रमानव' मात्र टाळा. तनाका हिसाशिगे (1799–1881) यांची बाण मारणारी बाहुली पाहून तो मोह होतो. पुढे तोशिबा झालेल्या उद्योगाचं मूळ याच तनाकांच्या कारखान्यात आहे, त्यामुळे नातं जोडणंही सोपं जातं. ते नातं लेखात सांगा, पण बाहुलीला बाहुलीच राहू द्या.

एक जोड : कारखान्यात काम करणारे वाचक 'कराकुरी कैझेन' ओळखत असतील. वीज न वापरता वजन, तरफ, उतार यांच्या जोरावर माल पुढे सरकवण्याच्या युक्तींना हे नाव आहे. तिथे बाहुलीही नाही आणि चावीही नाही, म्हणून तिथे 'कराकुरी' तसाच ठेवावा. लिहिताना शेवटची वेलांटी दीर्घ, मराठीच्या नियमाप्रमाणे.