मामांचं रशियन घड्याळ कोटीत जाईल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी लातूरचा. आमचे मामा एअरफोर्समध्ये ग्राउंड टेक्निशियन होते, मागच्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात एक रशियन घड्याळ निघालं, काळी डायल, पंखात तारा काढलेला, बाजूला दोन बटणं. घरात सगळे हेच सांगतेत की १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले त्या टायमाचं हे घड्याळ, मामा रशियात ट्रेनिंगला होते तेव्हा तिथल्या एका पायलटनं दिलं. भाऊ म्हणतो परदेशी लिलावात टाकलं की कोटीत जातंय. गंजगोलाईतला एक घड्याळवाला म्हणला आधी पॉलिश मारून डायल नवी रंगवून घ्या मग भाव येईल. काय करावं?

उत्तर : दादा, आधी ते पॉलिशवाल्याच्या हातात देऊ नका. डायल रंगवायचं तर नावच काढू नका. जुन्या मिलिटरी घड्याळाचं गिऱ्हाईक मूळ डायल, मूळ काटे आणि केसच्या न घासलेल्या कडा बघतं, काचेवर चरे असले तरी चालतेत. चकचकीत केलेलं घड्याळ बघून तो माणूस तिथंच मागं सरतो.

तुमच्या वर्णनावरून ते ‘श्तुर्मान्स्किये’ क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) दिसतंय, मॉस्कोच्या फर्स्ट वॉच फॅक्टरीचं, सोव्हिएत हवाईदलाच्या पायलट लोकांना मिळायचं. आतलं मशीन ३१३३ जातीचं, व्हॅल्जू ७७३४ या स्विस मशीनवर बेतलेलं, १९७० च्या दशकात सुरू झालेलं. चावी ओढली की सेकंदकाटा जागेवर थांबतो का बघा, पायलटच्या मशीनला ती सोय असायची. जाणत्या कारागिराकडून मागचं झाकण उघडून फक्त फोटो काढून घ्या, बाकी काही करू देऊ नका. आणि अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन, त्याच्या हातात १२ एप्रिल १९६१ ला होतं ते श्तुर्मान्स्किये वेगळं, साधं तीन काट्यांचं, नाव तेवढं एकच. विकणारे दोन्हींची भेसळ करून सांगतेत म्हणून लिहिलं. त्यात १९९१ नंतर अशीच दिसणारी घड्याळं बाजारात कुणालाही मिळू लागली, तेव्हा काळ ठरवताना घाई नको.

आता कोटीचं. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला मालिशेव आणि स्त्रेकालोव या सोव्हिएत अंतराळवीरांसोबत सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत ७ या अंतराळस्थानकावर गेले, हे खरं. पण त्या साली कुणाच्या तरी मनगटावर होतं आणि यानात बसून वर गेलं, या दोन गोष्टीत जमीन-अस्मानाचा फरक हाय, आणि तुमच्या पत्रात वर गेल्याचं घरचे सुद्धा म्हणत नाहीत. अमेरिकेच्या अपोलो १५ मोहिमेचे डेव्हिड स्कॉट चंद्रावर होते तेव्हा नासानं दिलेल्या ओमेगा घड्याळाची काच निसटली, मग पुढच्या मूनवॉकला त्यांनी स्वतःचं बुलोवा घातलं, ते २०१५ मध्ये १६ लाख २५ हजार डॉलरला गेलं. का, तर चंद्रावरच्या फोटोत ते हातात दिसतंय, ते स्कॉटचं खाजगी होतं, आणि विकायला स्वतः स्कॉटच उभे. (ओमेगा मात्र नासाची, सरकारी मालमत्ता, ती अशी विकता येत नाही.) आणि अंतराळवीर विल्यम पोग यांनी आपल्या खर्चानं घेतलेलं सेइको स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकावर ८४ दिवस घातलं, ते २००८ च्या लिलावात फक्त ५,९७५ डॉलरला गेलं! खरंखुरं अंतराळात फिरून आलेलं घड्याळ बरं का. भावाला हे नक्की वाचून दाखवा.

तुमच्याकडं काय काय हाय ते शोधा. मामांचं सर्व्हिस रेकॉर्ड, रशियाला गेल्याचा पोस्टिंग ऑर्डर किंवा पासपोर्ट, घड्याळ हातात असलेला जुना फोटो, देणाऱ्याची चिठ्ठी. मामींना विचारा, पेटीच्या तळाशी काही निघतंय का. नोटरीचं अॅफिडेव्हिट केलं तरी ते तुमचंच म्हणणं, जुन्या फोटोपुढं त्याची किंमत कमी. आणि घड्याळ भेट मिळालेलं की हवाईदलाच्या सरकारी स्टोअरमधनं वापरायला दिलेलं हे पण ठरवा, स्टोअरचा माल असेल तर मालकी तुमची नाही.

मोठ्या लिलावघरात गेलं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२१ ला जिनिव्हात फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि २०२३ ला कळलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जोडून बनवलेलं. त्यामुळं आता लिलाववाले प्रत्येक स्क्रू विचारतेत.

लिलावाचं गणित बाजार समितीसारखंच, फक्त इथं आडत दोन्हीकडनं कापतेत, विकणाऱ्याकडनं कमिशन आणि घेणाऱ्याकडनं बायर्स प्रीमियम. आधी सगळं लिहून घ्या, राखीव किंमत (त्याखाली विकायचं नाही अशी) पण लिहून घ्या, नाहीतर पहिल्या बोलीला हातोडा पडतो. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू हे घड्याळांचे लिलाव करतेत, आधी फोटो पाठवून विचारा. १०० वर्षांच्या आतलं घड्याळ पुरातन वस्तू कायद्याखाली येत नाही, पण बाहेर पाठवायचं तर कस्टम्सचे कागद लागतेत, टॅक्सचं सीएला विचारा. माझा अंदाज विचाराल तर हजारांची भाषा करा, कोटीची नाही.

प्रश्न : आजोबांचं दुसऱ्या महायुद्धातलं घड्याळ हाय, मागं बाणाचं टोक आणि ‘६बी’ नंबर, काटे पूर्वी अंधारात चमकायचे आता चमकत नाहीत. नवीन रंग भरून घ्यावा का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नको! बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल आणि ६बी हा रॉयल एअरफोर्सचा स्टोअर नंबर, म्हणजे काट्यावर रेडियम असण्याची दाट शक्यता. चमक जाते कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकतं, रेडियम मात्र तसंच राहतं, त्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं. झाकण उघडून खरवडलं की धूळ नाकात जाते, ते धोक्याचं. लेकरांपासून लांब ठेवा, लिलाववाल्याला आणि कुरिअरवाल्याला आधी सांगा. निजामानं विमानांसाठी पैसे दिले म्हणून ब्रिटिश हवाईदलात ‘हैदराबाद’ नावाची स्क्वाड्रन होती, त्या काळचा आजोबांचा काही कागद निघाला तर मला नक्की कळवा.

प्रश्न : माझ्याकडं एचएमटी पायलट हाय, मिलिटरीचं म्हणून विकता येईल का? – बीड

उत्तर : नावात पायलट हाय, बाकी दुकानात कुणालाही मिळायचं. नवी रंगवलेली डायल असेल तर तेही सांगून विका, मूळ असेल तर चावी देऊन घालत राहा की.