एका वेळी एकच चूक

भाऊ, परवा तुझा खो-खोचा सराव पाहिला. पोरं जीव तोडून पळतात, पण तू प्रत्येकाला एका दमात पाच चुका सांगतोस. पोरगं मान हलवतं आणि पुन्हा तेच करतं. एका वेळी एकच गोष्ट धर.

तो बारका गडी बघ. खो मिळायच्या आधीच उठतो आणि फाऊल होतो. तू लांबून ओरडतोस, "थांब!" त्यापेक्षा जवळ जाऊन विचार, "उठलास तेव्हा लक्ष कुठं होतं?" बहुतेक सांगेल, पळणाऱ्याकडे. खो तर मागून येतो, डोळ्यांना दिसतच नाही. मग त्याला एकट्याला बसव, मागे तू उभा राहा. कधी लगेच पाठीला हात लावून खो दे, कधी रेंगाळ, कधी नुसतेच पाय वाजव. हात लागला आणि "खो" ऐकला, तरच उठायचं. दहा मिनिटं पुरेत. जमलं की त्याच दिवशी डावात उतरव, नाहीतर ते सरावापुरतंच राहतं.

शाबासकीही नेमकी दे. "भारी खेळलास" यातून काय कळणार? "खांबाजवळ वेग कमी केला नाहीस" हे कळतं.

लाजऱ्या पोरांशी अहिराणीत बोल, भराभर मोकळी होतात. बापाच्या देखत मात्र कुणाची चूक काढू नकोस.

आणि मे महिन्यात सकाळी सहालाच मैदान गाठ. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नऊनंतर सराव नकोच.