ट्रॅकसाठी दीड लाखात मोठ्या डिस्कचं किट घेऊ की कॉइलओव्हर?

तुमची स्विफ्ट आहे, दीड लाख हातात आहेत आणि मोठ्या ब्रेक डिस्कचं किट किंवा कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे, स्प्रिंगसकट शॉकअप) यांतलं एक रेस ट्रॅकसाठी निवडायचंय. माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. ब्रेक ऑइल, पॅड आणि टायर बदला, उरलेले पैसे ट्रॅकच्या फीला ठेवा.

माझ्या मावसभावाने नेमकं किटच घेतलं होतं. गोव्यात ट्रॅक नाही, म्हणून फोंड्याहून कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर गेलो. थोड्याच लॅप झाल्या आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी त्याचं पेडल जमिनीला टेकलं. पंप करत, गिअर खाली टाकत तो कच्च्यात उतरून थांबला. त्याचं म्हणणं पडलं, पॅड भिकार. चतुर्थीला सगळे जमले की आजही तो हेच सांगतो.

पॅड तापून बसले तर पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल खाली गेलं म्हणजे ऑइल उकळलं. किट बसवणाऱ्याने पावसाळाभर झाकण सैल राहिलेल्या डब्यातलं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ओतलं होतं, ते मी तिथे उभा राहून पाहिलं होतं आणि तेव्हाच बोललोही होतो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरलं की १४० वर येतं. आपल्याकडच्या जून-जुलैत उघडा डबा ठेवणं म्हणजे काय ते समजून घ्या.

त्या संध्याकाळी आम्ही चारही चाकं ब्लीड केली, म्हणजे ब्रेकमधलं जुनं ऑइल आणि हवा काढली. ब्रेकच्या निपलला पारदर्शक नळी, खाली बाटली, तो आत बसून पेडलवर, मी पान्यावर: दाब, धर, सोड. सीलबंद डबा फोडून डॉट ५.१ भरलं (कोरडं २६०, ओलं १८०). दुसऱ्या दिवशी पॅड तेच, डिस्क त्याच, आणि पेडल शेवटच्या लॅपपर्यंत कडक. आता पॅडचा दोष कुठून आला?

मोठ्या डिस्कने गाडी कमी अंतरात थांबते हाही गैरसमज. एकदा दाबून थांबायचं असेल तर मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, एवढंच. स्विफ्टला ते किट म्हणजे नाकापेक्षा मोती जड, शिवाय चाकाचं वजन वाढतं.

सस्पेन्शनचं थोडक्यात: कंपनीच्या शॉकअपवर नुसत्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) टाकू नका. गाडी बम्प स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबला की अडवणाऱ्या रबरावर) आपटते आणि वळणात मध्येच पकड सोडते. भावाने तेही केलं होतं, अनमोड घाटातल्या खड्ड्यांनी त्याला ते दाखवून दिलं. चांगले शॉकअप, नवे बुश (सांध्यांतले रबर) आणि नीट अलाइनमेंट एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत जातं. कॉइलओव्हर त्यानंतर बघा.

हो, स्लिक (नक्षी नसलेले रेसचे) टायर घालून लांब सेशन करणार असाल तर किटला अर्थ आहे. निव्वळ रेसचे पॅड घेऊ नका, थंड असताना ते धरत नाहीत आणि तुम्हाला त्याच गाडीने घाट उतरून घरी यायचंय. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ५.१ समजून ओतू नका. पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे) आल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. आणि विमा कंपनीला बदल कळवा.