‘अप’ म्हणजे नेहमी ‘वर’ नव्हे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजेही खाणे. मग हा ‘अप’ तिथे करतो काय? मुलांना कसं समजावू? – एक शिक्षिका, सांगली

‘अप’चा अर्थ ‘वर’ असा पाठ करून घेतला, की मुलं इथेच अडतात. या ठिकाणी ‘अप’ सांगतो, की काम तडीस गेलं, काही उरलं नाही. मराठीत हेच आपण ‘टाकणे’ लावून सांगतो. ‘भात खा’ आणि ‘भात खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट युअर राइस’ आणि ‘ईट अप युअर राइस’ यांत. दुसऱ्या वाक्यात पानात शीत राहता कामा नये. ‘टेअर द लेटर’ म्हटलं तर पत्राला नुसती चीर गेली असेल, पण ‘टेअर अप द लेटर’ म्हणजे पत्राचे तुकडे झाले.

वर्गात एक कसोटी जरूर वापरा. ‘वुई यूज्ड द ऑइल फॉर अ वीक’, म्हणजे आठवडाभर तेल वापरलं. ‘वुई यूज्ड अप द ऑइल इन अ वीक’, म्हणजे आठवड्यात तेल संपवलं. ‘अप’ आला की ‘फॉर’च्या जागी ‘इन’ बसतो, कारण क्रियेला शेवट मिळालेला असतो. मराठीतही ‘आठवडाभर संपवलं’ असं आपण म्हणत नाही. मुलांना हे ऐकताक्षणी पटतं.

मात्र सगळे ‘अप’ या माळेतले नाहीत. ‘स्पीक अप’, ‘स्पीड अप’, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’ यांत प्रमाण वाढतं. ‘शो अप’ आणि नुसत्या ‘टर्न अप’मध्ये कुणीतरी येऊन हजर होतं. एवढे तीन गट फळ्यावर मांडले, की बरीच क्रियापदं आपापल्या जागी बसतात. ‘गिव्ह अप’, ‘मेक अप’ यांसारखी उरतात, ती अर्थासकट पाठच करावी लागतात. त्यांना ओढूनताणून नियमात बसवू नका.

प्रश्न : ‘पिक अप मी अ‍ॅट सिक्स’ असं लिहिलं तर गुण कापले. ‘पिक अप द बॅग’ मात्र चालतं. असं का? – बारावीची विद्यार्थिनी, सातारा

नाम असेल तर दोन्ही चालतं : ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’. सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवं : ‘पिक मी अप’, ‘फिल इट अप’. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत वाचणारा क्रियापद विसरतो.

दोन ठिकाणी हा नियम लावू नका. ‘अप’ आणि ‘विथ’ दोन्ही मिळून एकच क्रियापद होत असेल तर मध्ये काही घालायचं नाही : ‘कॅच अप विथ हिम’. आणि ‘अप’ खरोखरच चढण दाखवत असेल, तर सर्वनाम त्याच्यानंतर येतं. ‘वुई वॉक्ड अप द हिल’चं ‘वुई वॉक्ड अप इट’ होतं, ‘वॉक्ड इट अप’ नाही. ओळखायचं कसं? ‘कुठून चाललो?’ या प्रश्नाला ‘अप द हिल’ हे सबंध उत्तर आहे. ‘काय उचललं?’ याला ‘अप द बॅग’ असं उत्तर देता येत नाही.

प्रश्न : ‘कोप अप विथ’ बरोबर की चूक? – पुणे

चूक. ‘कोप विथ’ एवढंच लिहा. ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ यांच्या सहवासाने तिथे ‘अप’ शिरतो. ‘फिल अप द फॉर्म’ भारतात सर्वांना कळतं, पण ब्रिटनमध्ये फॉर्म ‘फिल इन’ करतात आणि अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ म्हटलं की तिकडे आधी पेट्रोलची टाकी डोळ्यांसमोर येते.

प्रश्न : मेलमध्ये ‘सेटअप’, ‘बॅकअप’ जोडून लिहायचं की तोडून? – आयटी कर्मचारी, हिंजवडी

नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून. ‘टेक अ बॅकअप’, पण ‘बॅक अप युअर डेटा’. शंका आली तर वाक्य भूतकाळात नेऊन बघा. ‘बॅक्ड अप’ होतं, म्हणजे प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो. तसं असेल तर मध्ये जागा सोडा. बोलतानाही फरक ऐकू येतो : नामात जोर ‘बॅक’वर, क्रियापदात ‘अप’वर.

मराठी माणसाची इथे हमखास चूक होते, त्याला कारण आहे. आपण हे शब्द नाम म्हणून घेतले आणि पुढे ‘करणे’ जोडलं : सेटअप करणे, पिकअप करणे. तोच जोडशब्द मग इंग्रजी लिहिताना क्रियापदाच्या जागी जाऊन बसतो.

प्रश्न : कर्जतहून लोणावळ्याला गाडी घाट चढते, तरी ती ‘डाउन’. हे उलटं नाही का? – डोंबिवली

रेल्वेच्या ‘अप’चा उंचीशी संबंध नाही, तो मुख्य स्थानकाशी आहे. ब्रिटनमध्ये लंडनकडे जाणारा मार्ग ‘अप’. ती पद्धत रेल्वेबरोबर आपल्याकडे आली. मुंबईत सीएसएमटीकडे किंवा चर्चगेटकडे जाणारी लोकल अप, तिथून बाहेर पडणारी डाउन. त्यामुळे बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर असा खडा चढ आहे, कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, तरी पुण्याकडे निघालेली डेक्कन क्वीन डाउनच, आणि घाट उतरून मुंबईला येणारी अप. इंग्रजांची ही सवय रेल्वेपुरती नव्हती. ऑक्सफर्डला शिकायला जाणं म्हणजे ‘गो अप’, आणि तिथून काढून टाकलं की ‘सेंट डाउन’.

प्रश्न : बैठक ‘मूव्ह अप’ केली म्हणजे अलीकडे आणली की पुढे ढकलली? – न्यू जर्सी

अलीकडे आणली. गुरुवारची बैठक ‘मूव्ह्ड अप टू ट्यूजडे’ म्हणजे त्याच आठवड्याचा मंगळवार. पुढे ढकलणं म्हणजे ‘पुश बॅक’. मराठी माणूस ‘पुढे’ आणि ‘बॅक’ यांची जोडी लावताना चुकतो, आणि ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही दोन्ही अर्थांनी कळतं. आपला ‘प्रीपोन’ भारताबाहेर अनेकांना कळत नाही. तेव्हा क्रियापद कोणतंही वापरा, जुनी आणि नवी तारीख वेळेसह लिहाच.

प्रश्न : ‘अप टू’चे नेमके अर्थ किती? – नागपूर

रोज लागणारे चार. ‘अप टू टेन पीपल’ : जास्तीत जास्त दहा, दहावा धरून. ‘इट्स अप टू यू’ : तुम्ही ठरवा. ‘इज ही अप टू द जॉब?’ : त्याला हे काम झेपेल का? ‘व्हॉट आर यू अप टू?’ : काय चाललंय? हा शेवटचा प्रश्न मित्राला खुशाल विचारा. वरिष्ठांना विचारू नका, कारण सूर जरा बदलला की त्यात ‘काय उद्योग चाललेत?’ असा संशय ऐकू येतो.

लिहिताना हे दोन शब्द वेगळेच ठेवा. मुदत कळवताना मात्र नुसतं ‘अप टू फ्रायडे’ पुरत नाही, शुक्रवार धरायचा की नाही यावरून वाद होतात. ‘अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे’ असं लिहा.