चार्ल्स पर्स यांच्या कागदांवर अभ्यासक इतकी वर्षे काय करत आहेत?

तुमचा प्रश्न असा आहे: "अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांच्या अभ्यासकांची एक सोसायटी १९४६ पासून चालू आहे असे वाचले. एका माणसाच्या लिखाणावर इतके लोक इतकी वर्षे काय करतात? एव्हाना सगळे वाचून झाले नसेल का?"

नाही झालेले. वाचायचे राहू द्या, सगळे अजून नीट छापूनही झालेले नाही.

आधी नावाचे सांगतो. उच्चार 'पर्स' असाच आहे. मराठीत कुठे पीअर्स, कुठे पायर्स लिहिलेले सापडेल, माणूस तोच. जन्म १८३९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वडील हार्वर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक. मुलाला मात्र विद्यापीठात जेमतेम पाच वर्षे शिकवायला मिळाले, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, १८७९ ते १८८४. तिथे त्यांच्या तर्कशास्त्राच्या तासाला जॉन ड्यूई बसत असत. (पुढे कोलंबियात डॉ. आंबेडकरांना शिकवले ते हेच ड्यूई.) पर्स यांचे पोट भरले ते सरकारी कोस्ट सर्व्हेच्या, म्हणजे किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या खात्याच्या, नोकरीवर. लंबक घेऊन ठिकठिकाणचे गुरुत्वाकर्षण मोजायचे, हे त्यांचे काम. १८९१ च्या अखेरीस तीही नोकरी गेली. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात मिलफर्डजवळच्या घरात, कर्जात आणि आजारपणात, १९१४ साली मरेपर्यंत ते लिहीत राहिले.

हे कागद हाच साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. पर्स यांनी तत्त्वज्ञानाचा एकही सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. मागे राहिली ती हस्तलिखिते, आणि त्यांची पाने ऐंशी हजार ते एक लाखाच्या घरात धरतात. तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांनी खटपट केली म्हणून पत्नी ज्युलिएट यांच्याकडून ती हार्वर्डला मिळाली. किंमत होती ५०० डॉलर. पण रॉइस १९१६ मध्येच गेले आणि गठ्ठे तसेच पडून राहिले. पर्स यांची लिहिण्याची रीतही अशी की एकच निबंध ते पुन्हापुन्हा पहिल्यापासून लिहीत. चौथ्या पानावरून एक खर्डा डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. पुष्कळ पानांवर तारीख नाही. कोणते पान कशापुढचे हे ठरवायला कागदाचे जलचिन्ह, शाई, अक्षराचे वळण असे सगळे पाहावे लागते. आपल्याकडे मोडी कागदांचे रुमाल सोडून बसलेल्यांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको.

पहिला मोठा संग्रह १९३१ ते १९३५ या काळात सहा खंडांत निघाला. संपादक होते चार्ल्स हार्टशॉर्न आणि पॉल वाइस, दोघेही तेव्हा ऐन तरुण. १९५८ मध्ये आर्थर बर्क्स यांनी आणखी दोन खंड जोडले. हे खंड नसते तर पर्स जगाला कळलेच नसते, त्यामुळे त्यांना नावे ठेवणे मला आवडत नाही. पण मांडणी विषयवार होती. १८९८ साली पर्स यांनी केंब्रिजमध्ये दिलेली व्याख्याने त्यात तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या जागी गेली. "चौकशीची वाट अडवू नका" हे त्यांचे प्रसिद्ध वाक्य त्याच व्याख्यानांतले. ती सलग पुस्तकरूपाने वाचायला मिळाली १९९२ मध्ये.

याची झळ मला स्वतःला लागली आहे. पर्स यांचा हिऱ्याचा दाखला आहे: कापसाच्या गादीत तयार झालेला हिरा कुणी ओरखडा काढून पाहण्याआधीच जळून गेला, तर तो कठीण होता का? या संग्रहाच्या पाचव्या खंडात एका ठिकाणी ते म्हणतात, हा केवळ शब्द कसे वापरायचे याचा प्रश्न. त्याच खंडात पुढे म्हणतात, तो खरोखरच कठीण होता. माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले की पर्स यांचा विचार आतूनच विसंगत आहे. परीक्षकांनी एवढेच विचारले, "दोन्ही उतारे कोणत्या सालचे?" पहिला १८७८ चा, दुसरा १९०५ चा. सत्तावीस वर्षांत माणसाने आपले मत तपासून बदलले होते, आणि त्या बदलातच त्यांच्या तत्त्वज्ञानाचे मर्म होते. मी त्याला दोष समजलो.

म्हणून कालानुक्रमे आवृत्ती हवी. ते काम १९७६ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झाले. त्यामागे मॅक्स फिश होते, आणि या सगळ्या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात ते हेच. हार्वर्डने १९५९ मध्ये त्यांना पर्स यांचे चरित्र लिहायला सांगितले. त्यांनी आयुष्यभर माहिती जमवली. चरित्र पुरे झाले नाही, पण त्या टिपणांवर दुसऱ्यांची कामे उभी राहिली. तीस खंडांची योजना, पहिला १९८२ चा, आणि २०१० मधल्या आठव्या खंडापर्यंत गाडी आली ती १८९२ सालच्या लिखाणापर्यंत. मधला सातवा तेव्हाही बाकीच होता. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ ते १९६६ चालली, हे आठवले की या वेगाचे नवल वाटत नाही.

सोसायटी स्वतः हस्तलिखिते छापत नाही. ती १९६५ पासून त्रैमासिक चालवते, आणि त्यात गणिती, भाषेचे अभ्यासक, तत्त्वज्ञ एकमेकांचे वाचन तपासतात. पर्स यांचे म्हणणेच होते की सत्य एकट्याच्या हाती लागत नाही, शोध घेणाऱ्यांच्या समुदायाला दीर्घकाळाने लागते. त्यांना स्वतःला असा समुदाय हयातीत फारसा लाभला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर १८७७-७८ चे दोन निबंध घ्या: माणसाची मते पक्की कशी होतात आणि कल्पना स्पष्ट कशा कराव्यात. चिन्हविचाराकडे, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा येतो याच्या अभ्यासाकडे, ओढा असेल तर मात्र लेडी वेल्बी यांना लिहिलेली पत्रे आधी वाचा, विशेषतः १२ ऑक्टोबर १९०४ चे. या बाई कोणत्याही विद्यापीठात नव्हत्या, इंग्लंडमध्ये घरी बसून अर्थाचा अभ्यास करत होत्या. त्यांना समजावून सांगताना पर्स जितके मोकळे होतात तितके इतरत्र क्वचितच दिसतात.