आधी नेमणुकीचं पत्र माग

अनेक आशीर्वाद.

सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, होताच कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागलीस, खूप बरं वाटलं. रुजू होण्याआधी हे मात्र वाच.

'तुम्ही तास सुरू करा, पत्र मागाहून देतो,' असं तुला सांगतील. तरी नम्रपणे पत्र मागच. जावक क्रमांक, तारीख, आठवड्याच्या तासिका हे सगळं तिथेच तपास. महिन्याभरात कार्यालयात जाऊन विचार, माझ्या नेमणुकीच्या मान्यतेचा प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला का? मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. एका मुलाखतीच्या आदल्या रात्री फाइल लावायला बसलो, तर दोन वर्षांची मान्यतापत्रं नव्हतीच. प्रस्तावच गेले नव्हते. मस्टरवर माझ्या रोजच्या सह्या होत्या, त्या कुणी विचारात घेतल्या नाहीत. तो अपमान अजून आठवतो.

युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या सहायक प्राध्यापकासाठी मुलाखतीची यादी करताना अनुभवाचे वर्षाला २ गुण आहेत, तेही जास्तीत जास्त १०. वर्ष अपुरं भरलं तर गुणही त्या प्रमाणात कमी. म्हणजे सहाव्या वर्षी तू कितीही राबलीस तरी अनुभवाचा एकही गुण वाढत नाही. पीएचडीला २५ आहेत. सेटला ५, नेटला, म्हणजे तशाच राष्ट्रीय परीक्षेला, ८, म्हणून नेटही देऊन टाक.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, सुपरव्हिजन, स्नेहसंमेलन, सगळं नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. आठवड्यातले दोन दिवस पीएचडीच्या प्रबंधाचे, हे विभागप्रमुखांना पहिल्याच भेटीत सांग. 'पुढच्या वर्षी जागा निघेल, तुमचाच विचार करू,' हे मी दरवर्षी ऐकलं. सांगणारे खोटं बोलत नव्हते गं. पण अनुदानित जागेला शासनाची परवानगी लागते, बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासून यावी लागते, मग जाहिरात. तिथे त्यांचा शब्द चालत नाही. त्या शब्दावर विसंबून दुसरीकडचे अर्ज थांबवू नकोस. मी थांबवले होते.

बिलं महिनोन्‌महिने अडकतात आणि सुट्टीत तास नसले की मानधनही नसतं. घरी हे आजच सांग. मी लपवलं, आणि आईला वाटत राहिलं की मी पैसे उडवतो.

पत्र हातात पडलं की त्याची झेरॉक्स मला पाठव. तासिकांचा आकडा चुकला असेल तर पहिल्या आठवड्यातच दुरुस्त करून घेऊ.

तुझे,
सर